पीआर होईपर्यंत

“पीआर होईपर्यंत जरा सांभाळून घे.”

लग्न होऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या मराठी मुलीला माहेरून फोनवर मिळणारा हा सल्ला. पीआर म्हणजे तिथं कायम राहण्याचा परवाना. मेलबर्नमध्ये राहताना मी तो इतक्या जणींकडून ऐकला आहे, की तो आता कुणा एका घरचा राहिलेला नाही. आई सांगते, मावशी सांगते, कधी सासरची एखादी मायाळू नणंदही सांगते. सांगणारीच्या मनात कपट नसतं. लेक परक्या मुलुखात आहे, हातात पक्का कागद नाही, नवरा बिथरला तर परत धाडेल, आणि ती परत आली तर चार लोक काय म्हणतील, या धास्तीनं ती बोलत असते. तरीही हा सल्ला चुकीचा आहे. कायद्यानं चुकीचा आहे आणि नीतीनंही. त्यापायी मुलींची उमेदीची वर्षं गेली, तब्येती गेल्या, काहींच्या जिवावर बेतलं. म्हणून तो का चुकीचा आहे हे मुळापासून सांगायला हवं.

आधी या व्हिसाची रचना बघू. ऑस्ट्रेलियाचा नागरिक, तिथला कायम रहिवासी किंवा पात्र न्यूझीलंड नागरिक यांच्या जोडीदाराला पार्टनर व्हिसा मिळतो. लग्न झालेलं असावं लागतं किंवा लग्नाविना एकत्र संसार असावा लागतो. अर्ज एकच, फीही एकदाच. ती आज नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर आहे, म्हणजे पाच लाख रुपयांच्या वर. निकाल मात्र दोन टप्प्यांत लागतो. ऑस्ट्रेलियात राहून अर्ज केला तर आधी ८२० हा तात्पुरता आणि मग ८०१ हा कायमचा. भारतातून केला तर आधी ३०९ आणि मग १००. अर्जाच्या तारखेपासून साधारण दोन वर्षं झाली की नातं टिकून आहे का हे पुन्हा तपासतात आणि मग कायमच्या व्हिसाचा विचार होतो. अर्ज करतानाच संसाराला तीन वर्षं झाली असतील, किंवा मूल असून दोन वर्षं झाली असतील, तर एकदम कायमचा व्हिसाही मिळू शकतो. पण कांदेपोह्यांनंतर तीन-चार महिन्यांत बोहल्यावर चढून विमानात बसलेल्या आपल्या मुलींच्या वाट्याला ही सवलत सहसा येत नाही. त्यांना मधली दोन वर्षं काढावीच लागतात, आणि पुढे निर्णयाला जो वेळ लागेल तो वेगळा.

ही रचना काही बायकांना छळण्यासाठी केलेली नाही. पैसे देऊन-घेऊन कागदोपत्री लग्न लावायचं आणि पीआर हाती पडली की वेगळं व्हायचं, असे प्रकार घडतात. ते रोखायला दोन टप्पे ठेवले. हेतू रास्त आहे. परंतु त्या दोन वर्षांत घरातल्या एकाला दुसऱ्यावर धाक बसवायचं साधन मिळालं, हेही तितकंच खरं. “एक मेल टाकीन, उद्या परत जाशील.” हे वाक्य ऐकलं की घाबरणारी मुलगी अशिक्षित असते असं कुणी समजू नये. मी ज्यांच्याकडून ते ऐकलं त्यांत इंजिनिअर होत्या, फार्मसी केलेल्या होत्या, एक तर पुण्यात बँकेत अधिकारी होती.

आता खरी परिस्थिती ऐका. नवऱ्याला व्हिसा रद्द करता येत नाही. तो अधिकार सरकारच्या गृह खात्याचा आहे. नवरा फार तर नातं संपल्याचं खात्याला कळवू शकतो, स्पॉन्सरशिप मागे घेऊ शकतो. तसं झालं तरी ती दुसऱ्या दिवशी विमानात बसत नाही. खातं तिला लेखी कळवतं आणि आपली बाजू मांडायला मुदत देतं. आणि नातं घरगुती हिंसेमुळे तुटलं असेल, तर तुटलेल्या नात्यानंतरही तिला कायमचा व्हिसा मिळू शकतो. ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर नियमांत ही तरतूद जुनी आहे. नातं मुळात खरं होतं आणि नातं असतानाच हिंसा झाली, एवढं दाखवावं लागतं. दोघांचं मूल असेल तर त्या मुलाच्या जबाबदारीच्या आधारावरही अर्ज पुढे जाऊ शकतो. नवऱ्याचा मृत्यू झाला तरी तिचा मार्ग आपोआप बंद होत नाही.

हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे, हेही नियमांतच आहे. स्वतःच्या सुरक्षिततेबद्दल किंवा स्वास्थ्याबद्दल रास्त भीती वाटावी असं वागणं, मग ते प्रत्यक्ष असो की धमकीचं, त्यात येतं. जेवणाखाण्यापुरतेही पैसे न देणं, कोंडून ठेवणं, फोन काढून घेणं, माणसांत मिसळू न देणं, ‘परत पाठवीन’ म्हणून सतत धाकात ठेवणं, हे सारं त्यात बसू शकतं. कोर्टाचा हुकूम असेल तर उत्तम. नसेल तर तिचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र आणि डॉक्टर, मानसतज्ज्ञ, समाजसेविका, पोलीस, स्त्रियांचं निवारागृह अशांपैकी जाणकारांचा लेखी पुरावा चालतो. म्हणून अंगावर वळ उठले असताना “बाथरूममध्ये पाय घसरला” असं डॉक्टरांना सांगणारी मुलगी नवऱ्याची अब्रू वाचवत नसते, स्वतःच्या हातानं स्वतःचा पुरावा पुसत असते. खरं सांगितलं तर ते डॉक्टरच्या नोंदीत राहतं, आणि ती नोंद पुढे तिच्या कामी येते.

तेव्हा “पीआर होईपर्यंत सहन कर” या सल्ल्यात दोन घात आहेत. एक, सहन केल्यानंच पीआर मिळते ही समजूत खोटी आहे. दुसरा घात मोठा. सहन करण्याच्या काळात ती कुणालाच काही सांगत नाही. डॉक्टरला नाही, शेजारणीला नाही, मैत्रिणीला नाही. कायदा ज्या पुराव्याच्या आधारावर तिचं रक्षण करू शकला असता तो पुरावा तयारच होत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक समजूत आहे. लग्नाच्या बैठकीपासूनच घरात बोललं जातं की मुलगा तिला नेणार, मुलगा तिचा व्हिसा करणार. कायदा तसं मानत नाही. पार्टनर व्हिसाची अर्जदार ती असते. अर्ज तिच्या नावावर, व्हिसा तिच्या नावावर, अर्जातल्या प्रत्येक विधानाची जबाबदारी तिच्यावर. नवरा फक्त स्पॉन्सर. आणि स्पॉन्सर होताना तो सरकारला लेखी हमी देतो की पहिली दोन वर्षं तिच्या राहण्याची आणि निर्वाहाची जबाबदारी माझी. म्हणजे ज्याला आपण उपकारकर्ता समजतो त्यानं प्रत्यक्षात एक कर्तव्य अंगावर घेतलेलं असतं. ते त्यानं पाळलं तर त्याचं कौतुक जरूर करावं. चांगले नवरे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या जोरावरच इथले संसार उभे आहेत. पण कर्तव्याच्या बदल्यात ताबेदारी मागता येत नाही.

मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीट, पॉइंट कुक, वेरिबी या भागांत आपली माणसं बरीच आहेत. तिथल्या एका घरात मी एका मुलीला विचारलं होतं, की तुझा अर्ज कुठल्या ईमेलवरून भरलाय? तिला सांगता येईना. “त्यानंच केलंय सगळं.” इमीअकाउंट म्हणजे ज्या सरकारी खात्यावर अर्ज भरतात, कागद चढवतात आणि निर्णयाची पत्रं येतात, ते तिच्या नावाचं होतं, पण ईमेल नवऱ्याचा आणि पासवर्डही त्याच्याचकडे. अर्जात काय लिहिलंय हे तिनं वाचलेलं नव्हतं. सही दाखवली तिथं केली होती. पासपोर्ट? “त्याच्या ऑफिसच्या कपाटात, सुरक्षित राहावा म्हणून.” ही मुलगी बी.ई. झालेली. गावाकडे वडिलांचं लाइट बिल, बँकेचं काम, शेताचा ऑनलाइन सातबारा, सगळं तीच बघायची. वडिलांच्या कागदांची किल्ली जिच्याकडे विश्वासानं दिली होती, तिला स्वतःच्या आयुष्याच्या कागदाला हात लावता येत नव्हता. नवरा वाईट नव्हता. त्याला हे वावगं आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर त्यानं त्याच आठवड्यात तिच्या नावाचा ईमेल करून सगळं तिच्या हवाली केलं. म्हणून मला वाटतं की हा प्रश्न फक्त दुष्ट माणसांचा नाही. भल्या घरांतल्या सवयीचाही आहे, आणि सवय बोलण्यानं बदलते.

अर्जाबरोबर नातं खरं असल्याचा पुरावा द्यावा लागतो. अधिकारी तो चार अंगांनी पाहतात: पैशाचे व्यवहार, घर चालवणं, समाजात जोडपं म्हणून असलेली ओळख, आणि एकमेकांशी असलेली बांधिलकी. मग फाइल तयार होते. दोघांच्या नावाचं बँक खातं, दोघांच्या नावाचा भाडेकरार, विजेचं बिल, लग्नपत्रिका, अंतरपाट धरलेला फोटो, हनिमूनची तिकिटं, विम्यात वारस म्हणून बायकोचं नाव, व्हॉट्सॲपवरच्या संभाषणाची पानं. ही फाइल मी अनेक घरांत टेबलावर पसरलेली पाहिली आहे. प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटांत, रंगीत विभाजक लावून, नेटकी मांडलेली.

त्या फाइलीतलं संयुक्त खातं घ्या. व्हिसासाठी म्हणून उघडलेलं असतं. त्यात नवऱ्याचा पगार येतो, भाडं जातं, किराणा जातो. स्टेटमेंटवर दोन नावं. पण कित्येक घरांत त्या खात्याचं कार्ड एकट्या नवऱ्याच्या पाकिटात असतं. ती भाजीला निघाली की पन्नासची नोट हातावर ठेवली जाते आणि परत आल्यावर पावती मागितली जाते. सरकारला दाखवायला जे खातं दोघांचं आहे ते घरात एकाचं आहे. भाडेकराराचंही तेच. दोघांची सही आहे, पण घराच्या एजंटचा फोन नंबर फक्त त्याच्याकडे. समाजातली ओळख म्हणावी तर गणपतीच्या आरतीला दोघांचा एकत्र फोटो काढलेला आहे, आणि एरवी तिनं मंडळात कुणाशी किती वेळ बोलावं यावर घरात पहारा आहे.

मला इथं थांबून सांगायचं आहे. हे चार प्रश्न परक्या सरकारनं विचारले म्हणून आपण त्यांच्याकडे फक्त एक अडथळा म्हणून पाहतो. पण पैसा दोघांचा आहे का, घर दोघं मिळून चालवता का, जग तुम्हाला जोडपं म्हणून ओळखतं का, पुढची वर्षं एकत्र काढायचा विचार आहे का, हे प्रश्न कुठल्याही लग्नाला विचारावेत असेच आहेत. आपल्याकडे पत्रिकेतले गुण जुळवतात, पगाराचा आकडा विचारतात, गोत्र विचारतात. हे चार प्रश्न बैठकीत कुणी विचारत नाही. फाइलीसाठी जे खातं उघडायचंय ते खरंच दोघांचं करा. तिच्या हातात तिचं कार्ड द्या, तिच्या फोनवर बँकेचं ॲप असू द्या. तिचं नाव भाडेकरारावर असेल तर एजंटशी तीही बोलू द्या. जे कागदावर लिहिलं आहे ते घरात खरं करणं, इतकीच ही मागणी आहे, आणि ती पूर्ण करायला एक डॉलरही लागत नाही.

या चार अंगांतलं तिसरं, समाजातली ओळख, आपल्या समाजाला आणखी एका ठिकाणी उघडं पाडतं. जातीबाहेर लग्न केलेली जोडपी इथं येतात. लग्न रजिस्टर केलेलं असतं, पण फोटोत एकाकडचे किंवा दोघांकडचे आई-वडील नसतात. अभिनंदनाचा मेसेज नाही, सासरी पहिला दिवाळसण नाही, ओटी भरल्याचा फोटो नाही. मग अर्जाच्या निवेदनात त्या मुलीला लिहावं लागतं की माझ्या घरच्यांना हे लग्न मान्य नाही. परदेशातल्या एका अनोळखी अधिकाऱ्याला हे सांगताना तिला काय वाटत असेल याचा विचार त्या आई-वडिलांनी कधी केला आहे का? कायदा आई-वडिलांची संमती मागत नाही, आणि असे अर्ज मित्रमैत्रिणींच्या साक्षीवर मंजूरही होतात. समलिंगी जोडप्यांची अवस्था तर आणखी बिकट. ऑस्ट्रेलियाचा कायदा २००९ पासून त्यांना या व्हिसासाठी जोडीदार मानतो, आणि २०१७ च्या अखेरीपासून तिथं त्यांना लग्नही करता येतं. भारतात मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. ज्या मुलानं घरी ‘रूममेट’ म्हणून सांगितलंय त्यानं समाजात जोडपं म्हणून असलेली ओळख कुठून दाखवायची? घरच्यांनी तोंड फिरवलं की नुसतं मन दुखावत नाही. त्याच्या राहण्याच्या हक्काचा पुरावाच कमी पडतो.

पुन्हा मूळ विषयाकडे येते. महाराष्ट्रात पीआरवाल्या मुलाचा एक भाव ठरला आहे. स्थळ आलं की घरात उजेड पडतो. मग बैठकीत हळूच विषय निघतो. व्हिसाची फी तुमच्याकडून, मेडिकल तुमच्याकडून, तिकीट तुमच्याकडून, आणि तिकडे संसार लावायला म्हणून वेगळे काही लाख. “हुंडा नाही हं, आम्ही हुंड्याच्या विरोधात आहोत, हा फक्त तिच्याच कागदांचा खर्च.” १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानं लग्नाच्या संबंधात, लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर, दिलेली किंवा द्यायचं ठरलेली मालमत्ता अथवा मौल्यवान रोखा यांना हुंडा म्हटलं आहे. लग्न ठरण्याची अट म्हणून मागितलेली व्हिसाची फी त्या व्याख्येत येते. देणारा बापही गुन्हेगार ठरतो आणि घेणाराही. मुलीचे आई-वडील आनंदानं तिला काही देतात ते वेगळं. ज्या फीशिवाय लग्न मोडेल ती फी वेगळी. आणि अनुभव असा की ज्या घरानं फी मागितली ते घर तिथंच थांबत नाही. पुढच्या टप्प्याच्या वेळी पुन्हा मागणी येते, कारण आता मुलगी त्यांच्या ताब्यात असते.

मेलबर्नमध्ये ही गोष्ट उजेडात यायला वेळ लागला. मनोविकारतज्ज्ञ डॉ. मंजुळा ओ’कॉनर यांनी आपल्याकडे येणाऱ्या भारतीय स्त्रियांच्या कहाण्या ऐकून हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला. व्हिक्टोरिया राज्यानं घरगुती हिंसेच्या कायद्यात दुरुस्ती केली. २०१९ पासून हुंड्यासाठी धमकावणं, जबरदस्ती करणं, मानसिक छळ करणं हे तिथल्या कायद्यात हिंसेचं उदाहरण म्हणून स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीनं हुंडा आणि त्यावरून होणारा छळ यावर चौकशीचा अहवाल दिला. म्हणजे आपण मायदेशी जी घाण झाकून ठेवली ती परक्या संसदेच्या टेबलावर गेली. लाज वाटली पाहिजे ती उघड झाल्याची नव्हे, केल्याची.

आणखी एक प्रकार आहे आणि तो फार क्रूर आहे. “आई आजारी आहे, दोन आठवडे जाऊन येऊ” असं सांगून नवरा तिला भारतात आणतो. परतीच्या दिवशी तिचा पासपोर्ट घेऊन एकटाच निघून जातो. मुलगी माहेरी, आणि गावात बोभाटा की पोरीला सोडली. अशा मुलीला आणि तिच्या आई-वडिलांना दोन गोष्टी माहीत हव्यात. पहिली, ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टच्या पानावर चिकटवलेला नसतो, तो सरकारच्या नोंदीत असतो. पासपोर्ट पळवल्यानं व्हिसा जात नाही. पोलिसांत तक्रार द्यावी, पासपोर्ट सेवा केंद्रातून नवा पासपोर्ट घ्यावा, त्याचा नंबर गृह खात्याला कळवावा. दुसरी, एखाद्याला फसवून किंवा धमकावून ऑस्ट्रेलियाबाहेर नेणं हा तिथल्या फौजदारी कायद्यानं मानवी तस्करीचा गुन्हा आहे. ज्याला आपण ‘घरगुती वाद’ म्हणून मध्यस्थांच्या बैठकीत मिटवायला बघतो त्याचा तपास तिथले फेडरल पोलीस करतात.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो, आणि तो टाळून जाणं बरोबर नाही. मुली या कायद्याचा गैरफायदा घेतात, पीआर मिळाली की नवऱ्याला सोडतात, खोटे आरोप करतात. अशी उदाहरणं नाहीतच असं मी म्हणणार नाही. पण हिंसेच्या तरतुदीत नुसत्या आरोपावर व्हिसा मिळत नाही. आधी नातं खरं होतं हे सिद्ध व्हावं लागतं, मग जाणकारांचा पुरावा लागतो, आणि खात्याचं समाधान झालं नाही तर प्रकरण स्वतंत्र तज्ज्ञाकडे जातं. शिवाय ही तरतूद फक्त बायकांसाठी नाही. नर्सिंग करून किंवा आयटीत येऊन पीआर मिळवलेल्या मराठी मुली आता नवऱ्याला स्पॉन्सर करतात. तो नवरा इथं आल्यावर त्याची पदवी चालत नाही, तो गोदामात रात्रपाळी करतो, आणि गावाकडे त्याला बायकोच्या जिवावर बसलेला म्हणून हिणवतात. त्याचा छळ झाला तर त्यालाही हाच कायदा आहे. पण तो कुणाला सांगायला धजत नाही, कारण पुरुषानं असं सांगणं आपल्याकडे हसण्यावारी नेतात. त्याच्याही बाजूनं आपण उभं राहिलं पाहिजे. कुणी एकानं खोटं केलं म्हणून खऱ्याचं दार बंद करा, असं आपण दुसऱ्या कुठल्याही कायद्याबद्दल म्हणत नाही.

कायद्याची खोट मात्र मी सांगेन. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या नवऱ्याबरोबर आश्रित म्हणून आलेल्या बायकोला हे संरक्षण नाही. तिचा व्हिसा त्याच्या व्हिसाला बांधलेला. पोलीस, कोर्ट, निवारा तिलाही आहेत. राहण्याचा हक्क मात्र वेगळा शोधावा लागतो. शिकायला येणाऱ्यांची संख्या पाहता अशा मुली पुष्कळ असणार. त्यांच्यासाठी आवाज उठवायचं काम इथल्या आपल्या संस्थांनी अजून पुरेसं केलेलं नाही.

बायकोनं कुठं राहावं हा निर्णय कुणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रानं एकदा देशापुढे ठेवला होता. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं. १८८४ मध्ये नवरा मुंबई उच्च न्यायालयात गेला. १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटलं आणि त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. त्यांच्या बाजूला उभं राहणारे तेव्हा थोडे होते. पुष्कळ शिकलेले लोकही म्हणत होते की घरातली गोष्ट घरात ठेवावी. आज त्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो. तो अभिमान खरा असेल तर टार्नीटच्या भाड्याच्या घरातल्या मुलीला आपण गप्प राहायला सांगू शकत नाही.

मग करायचं काय? लग्न ठरवतानाच मुलीकडच्यांनी चार गोष्टी मोकळेपणानं विचाराव्यात. मुलाचा स्वतःचा व्हिसा कोणता? तो ऑनलाइन तपासता येतो, त्यानं समोर बसून दाखवावा. आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूम कुठे आहे? आधी कुणाला स्पॉन्सर केलंय का? ऑस्ट्रेलियात एका माणसाला सामान्यतः आयुष्यात दोनदाच जोडीदार स्पॉन्सर करता येतो, तोही पाच वर्षांच्या अंतरानं. आणि स्पॉन्सरला पोलिसांचा दाखला द्यावा लागतो. पगाराची स्लिप मागताना संकोच वाटत नाही, मग हे विचारताना का वाटावा? लग्न झालं की ते लगेच रजिस्टर करावं आणि दाखल्याची एक मूळ प्रत मुलीजवळ राहावी.

मुलीनं स्वतःचा ईमेल ठेवावा, इमीअकाउंटचा पासवर्ड स्वतःकडे ठेवावा, अर्जातलं प्रत्येक पान वाचून मगच सही करावी. पासपोर्ट, लग्नाचा दाखला, पदव्या यांचे फोटो माहेरच्या एखाद्या माणसाकडे पाठवून ठेवावेत. कार्ड स्वतःचं, फोन नंबर स्वतःचा. मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याची सोय, कर क्रमांक, सरकारचे मोफत इंग्रजी वर्ग, यांबद्दल तिथं पोचल्यावर पहिल्या महिन्यातच चौकशी करावी. आणि अर्ज करताना सल्ला हवा असेल तर तो नोंदणीकृत मायग्रेशन एजंट किंवा वकिलाकडूनच घ्यावा. ऑस्ट्रेलियात व्हिसाचा सल्ला देण्याचा अधिकार कायद्यानं त्यांनाच आहे, ‘माझ्या दोघा-तिघा मित्रांचं केलंय’ म्हणणाऱ्या माणसाला नाही.

मुलाच्या आई-वडिलांवर मी जास्त भार टाकते, कारण त्यांचा शब्द मुलगा ऐकतो. सुनेच्या व्हिसाचा खर्च आम्ही किंवा आमचा मुलगा करणार, हे त्यांनी याद्या करतानाच चार माणसांत सांगून टाकावं. मुलाला विमानतळावर सोडताना ‘तिची काळजी घे’ म्हणतात, त्याबरोबर ‘तिचे कागद तिच्याकडे दे’ हेही म्हणावं.

आणि शेवटी इथल्या आपल्या माणसांशी बोलायचं आहे, कारण फॉर्म ८८८ आपण भरतो. नातं खरं असल्याची साक्ष देणारं ते निवेदन ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायम रहिवासी देतो, आणि त्यात खोटं लिहिणं गुन्हा असतो. मित्राचा फोन येतो, “अरे, जरा दोन ओळी लिहून दे.” आपण जोडप्याला दोनदा पॉटलकला भेटलेलो असतो, आपण लिहून देतो की यांचा संसार सुखाचा आहे. ते लिहिण्याआधी त्या मुलीशी वेगळं, निवांत बोला. तिच्या घरी जा, तिला तुमच्या घरी बोलवा. तिच्याकडे तुमचा नंबर असू द्या. काही खटकलं तर सही करू नका आणि तिला एकटं सोडू नका. घरगुती हिंसेसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १८०० ७३७ ७३२ चोवीस तास चालते, इंग्रजी अडत असेल तर १३१ ४५० वर दुभाषी मिळतो, जिवाला धोका असेल तर ०००. हे तीन नंबर मंडळाच्या दिवाळी अंकात छापा, गणपतीच्या मंडपात बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूनं लावा, जिथं ती एकटी उभी राहून ते वाचू शकेल आणि तिच्याबरोबर कुणी नसेल.